दव कोणाच्या बापाचं?

फडकं टाकून झालंय. आता ते भिजेपर्यंत वाट बघायची. माय धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या दगडावर बसली आहे. मांडीत खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली, डोक्यावर पदर आणि पदरावरून माझा मफलर. मी उभीच आहे, कारण या गुडघ्यांनी खाली बसले तर उठवायला माणूस बोलवावं लागेल. समोर हरबरा आहे, पोटरीला लागेल एवढा, आणि पानापानावर दव. त्या दवावर बाबांचं जुनं धोतर पसरलेलं आहे. आत्ता कुठं तांबडं फुटतंय. साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर पहिल्या एस्टीचा आवाज येतोय.

किती छान, असं कोणी म्हणेल. कृपा करून म्हणू नका. मला राग आलेला आहे. महिनाभर तो पोटात घेऊन मी एक अख्खी परदेशवारी करून आले, आणि तो तसूभर कमी झालेला नाही. मी मेहकरला सरकारी दवाखान्यात नर्स होते. आयुष्यभर लोकांना शुद्ध मराठीत गोळ्या सांगितल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर. पण राग आला की माझी भाषा चप्पल न घालताच गावाकडं पळत सुटते. तेव्हा मधूनच वऱ्हाडी कानावर आली तर समजून घ्या की मी तापले आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. हरबऱ्याच्या पानाला एक आंबट खार असतो. पहाटेचं दव त्यात मिसळलं की त्याची आंब होते. सूर्य वर यायच्या आत स्वच्छ फडकं झाडांवर पसरायचं, हातानं जरा दाबायचं, ओलंचिंब झालं की बाटलीत पिळायचं. चार-पाच सकाळी गेलं तर एक बाटली भरते. पोट दुखलं, अपचन झालं, की चमचाभर आंब पाण्यात घालून द्यायची. फडक्याला हळूहळू भोकं पडतात इतकी ती कडक असते. नर्स म्हणून विचाराल तर माझा तिच्यावर फारसा विश्वास नाही. लेक म्हणून विचाराल तर तिचा वास आला की माझं तोंड अजून आंबट होतं.

डिसेंबरात मी हेलसिंकीला माझ्या मुलीकडं, प्रज्ञाकडं जायला निघाले तेव्हा मायनं मला अशीच एक भरलेली बाटली दिली होती. माझ्या नातीसाठी, यशोसाठी, म्हणजे तिच्या पणतीसाठी. यशो सहा वर्षांची आहे आणि तिचं पोट सारखं दुखतं. बाटलीला चिंधी गुंडाळलेली, वर दोरा. माय म्हणाली, "थ्याच वावरातली हाय."

मी म्हटलं, "थ्याच?"

"हाव. तिथचीच आंब कडक असते."

मी पुढं काही विचारलं नाही. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, माय त्या वावरात आंब काढायला गेली नव्हती. ऐंशीच्या पुढची बाई पणतीच्या पोटासाठी चार दिवस पहाटे या धुऱ्यावर आली. मी मनात म्हटलं, म्हणजे गेली असेल वावराच्या मालकाच्या नातवाकडं, पदर सावरून, हात जोडून. आणि तिथंच माझ्या डोक्यात पहिली काडी पेटली.

ती बाटली यशोपर्यंत पोचली नाही. आणि मी मायला सांगितलं की पोचली.

हेलसिंकीचा पहिला दिवस म्हणजे मी खिडकीशी बसून उजाडायची वाट पाहिली. नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. आपल्याकडं या वेळेला बाया अर्धी पात निंदून पाणी प्यायला बसलेल्या असतात, आणि इथं अजून रस्त्यावरचे दिवे. मग आभाळ जरासं राखेच्या रंगाचं झालं. प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, बघ, सकाळ झाली." मी म्हटलं, "ही? हिला सकाळ म्हणतात?" दुपारी तीनला ती संपलीसुद्धा. समोरच्या प्रत्येक खिडकीत नाताळाचे दिवे, कागदी चांदण्या, सगळं कसं शहाण्यासारखं लावलेलं. घरात इतकी ऊब की यशो बनियनवर फिरत होती. मी सहा महिने खपून विणलेला स्वेटर तिनं दोन मिनिटं घातला आणि "आजी, टोचतो," म्हणून काढून ठेवला. त्याचाही राग आला. खोटं कशाला बोलू.

बाहेर पडलो तर उणे अकरा. बर्फावर बारीक गिट्टी टाकलेली, बुटाखाली कचकच व्हायची. नाकातलं पाणी गोठतं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर त्या थंडीला वासच नव्हता. आमच्या थंडीला केवढे वास! कपाशीच्या पऱ्हाट्या जाळल्याचा धूर, तव्यावर भाकरी टाकली की उठणारी वाफ, वाफवलेल्या तुरीच्या शेंगा, उन्हात पाठ करून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगाला लावलेलं करडीचं तेल. आणि त्या सगळ्यांच्या खालून येणारा हरबऱ्याचा आंबट वास. निंदायला गेलेल्या बायांच्या लुगड्याच्या काठांना तो उतरायचा आणि मग घरातच राहायला यायचा. माय रात्री कुशीत घ्यायची तेव्हा तिच्या पायांना तो असायचा. हरबऱ्यात चालून तिच्या पोटऱ्या लाल व्हायच्या, खारानं चरचरायच्या. ती त्यांच्यावर गार पाणी ओतायची आणि "स्स हा" करायची. तो आवाज मला हेलसिंकीच्या ट्रामच्या थांब्यावर उभ्या उभ्या आठवला. प्रज्ञानं विचारलं, "थंडी वाजतेय का?" मी म्हटलं, "नाही, राग आलाय." ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी शेजारची हेल्मी आली. सत्तरी ओलांडलेली बाई, कणा ताठ, गाल लाल. हातात डबा. सुटी लागली की शेजाऱ्यांना काहीतरी नेऊन द्यायची तिथं रीत आहे. डब्यात छोटी निळी बोरं होती, उन्हाळ्यात वेचून बर्फात ठेवलेली. मी दोन तोंडात टाकली. बरी होती. आपल्या बोरांची सर नाही, पण बरी होती. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी प्रज्ञाला म्हटलं, "विचार बरं, कोणाच्या शेतातली?"

प्रज्ञा म्हणाली, "शेतातली नाही गं, जंगलातली."

"कोणाच्या जंगलातली?"

तिनं त्यांच्या भाषेत विचारलं. हेल्मीनं खांदे उडवले. "असेल कोणाचं तरी, म्हणते."

"मग त्याला विचारलं का तिनं?"

प्रज्ञानं विचारलं. हेल्मी माझ्याकडं बघत राहिली. तिला प्रश्न कळला नाही. प्रज्ञानं पुन्हा विचारलं, वेगळ्या शब्दांत. हेल्मी काहीतरी बोलली आणि प्रज्ञाला हसू आलं. "मम्मी, ती म्हणते, विचारायचं काय त्यात?"

मग पोरीनं मला समजावून सांगितलं. इथं जमीन कोणाचीही असो, जंगलातून कोणीही चालावं, बोरं तोडावी, अळंबी काढावी. पेरलेल्याला हात लावायचा नाही, कोणाच्या अंगणात शिरायचं नाही, पण जे आपसूक उगवलं ते सगळ्यांचं. लहान पोरालाही हे माहीत असतं. "मालक काही म्हणत नाही?" मी विचारलं. "काय म्हणणार?" प्रज्ञा म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? माणसाची जात कुठंतरी इतकी शहाणी आहे म्हणून दोन घास जास्त जायला हवे होते. मी उठले, बाथरूममध्ये गेले, नळ पूर्ण सोडला आणि शिव्या दिल्या. वऱ्हाडीत, एकामागून एक, दम लागेस्तोवर. त्या बाईला नाही. तिचं काय चुकलं? पण आरशात बघत मी म्हणत होते, अरे मेल्यांनो, हे इतकं सोपं होतं? हे असं नुसतं ठरवता येत होतं? मग माह्या मायले काऊन पिळाले लावलं?

तेव्हा मी आठ वर्षांची होते. पोट दुखत होतं. दोन दिवस पोटात काही राहत नव्हतं. आमच्या वस्तीत कोणाकडं आंब उरली नव्हती आणि आमच्या वस्तीतल्या कोणाकडं वावरही नव्हतं. या वावरात माय निंदायला यायची. या हरबऱ्याचं एक रोप असं नव्हतं की ज्याच्या बुडातलं गवत तिच्या हातानं निघालं नसेल. हरबऱ्याची भाजी खुडून न्यायलाही मालकाची ना नव्हती, कारण शेंडे खुडले की झाड चांगलं फुटतं. म्हणजे फायदा त्याचाच. मायला वाटलं, दवाला कोण काय म्हणेल. ती मला कडेवर घेऊन आली, बाबांचं धोतर टाकलं, आणि आम्ही इथंच, याच धुऱ्यावर बसलो. हाच दगड होता की दुसरा, ते आता सांगता येणार नाही.

मालक आला तेव्हा निंदायला येणाऱ्या बायाही पोचल्या होत्या. आठ-दहा जणी धुऱ्यावर उभ्या, हातात विळे. त्यातल्या दोघी आमच्याच वस्तीतल्या.

"कोनाचं फडकं हाय हे?"

"माहं हाय, मालक. पोरीचं पोट दुखते."

"तुमचं फडकं माह्या पिकावर? हरबरा खातो आमी हा."

त्यानं काठीच्या टोकानं धोतराचं एक टोक उचललं. हात लावला नाही. मायनं घाईघाईनं ते गोळा केलं. तो म्हणाला, "पीळ." मायला वाटलं, बाटलीत पीळ म्हणतोय. तिनं बाटली पुढं धरली. तो म्हणाला, "तिथं नाई. खाली. मातीत पीळ."

आणि मायनं पिळलं.

ते मी विसरले नाही. मालकाला मी केव्हाच शिव्या देऊन मोकळी झाले, तो मेलाही. पण मायनं पिळलं, आणि कसं पिळलं! कपडे धुताना पिळतात तसं, शेवटच्या थेंबापर्यंत, मन लावून. मातीत एक ओला गोल झाला. बाया विळे घेऊन पातीला लागल्या. परत जाताना मी विचारलं, "काऊन पिळलं व माय?" ती म्हणाली, "भाकरी टाकाच्या हायेत घरी." मला घरी सोडून ती परत गेली आणि दिवसभर त्याच वावरात निंदत बसली. तिचे हात त्या पिकाला चालत होते, तिचं फडकं चालत नव्हतं. त्यानंतर पोट दुखलं की घरात ओवा यायचा. आंबेचं नाव कोणी काढत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी यशोचं पोट दुखलं. नाताळाची खीर, चांदणीच्या आकाराची गोड पेस्ट्री, चॉकलेट, सगळं एका दिवसात कोंबल्यावर दुसरं काय होणार. पोरगी पोट धरून सोफ्यावर पडली आणि मला म्हणते, "आजी, मोठ्या आजीचं आंबट औषध दे ना. तिनं फोनवर दाखवलं होतं."

मी म्हटलं, "देते हं." स्वयंपाकघरात गेले, लिंबू पिळलं, मीठ टाकलं, चमच्यात घेऊन आले. तिनं तोंड वेडंवाकडं केलं आणि अर्ध्या तासात बरी झाली. संध्याकाळी मायचा व्हिडिओ कॉल आला. तिला फोन नीट धरता येत नाही, आम्हाला अर्धं कपाळ आणि छपराचे पत्रे दिसत होते.

"दिली का वं पोरीले आंब?"

"दिली, माय."

"लागली का गुणाले?"

यशो मधेच ओरडली, "लागली, मोठी आजी!" कपाळ हसलं. खरंच सांगते, नुसत्या कपाळावर हसू दिसलं मला. फोन ठेवल्यावर प्रज्ञा म्हणाली, "मम्मी, जाऊ दे ना. तिला बरं वाटलं, बास." मी तिच्या अंगावर धावून गेले. "जाऊ दे काय जाऊ दे? तुले काय माईत थे बाटली कुठून आली?" बिचारीनं सुटी घेतली होती माझ्यासाठी. बर्फात फिरवायचं, दिवे दाखवायचे, सगळं ठरवलेलं. आणि मी तीन दिवस फुरंगटून बसलेली. पुढचे दिवसही काही वेगळे गेले नाहीत.

आता बाटलीचं सांगते. हे मी प्रज्ञालाही पूर्ण सांगितलं नव्हतं.

माय म्हणाली होती, "अंगाशी ठेवजो. पेटीत नको टाकू, सांडते." मी आज्ञाधारक लेक. मोठ्या बॅगेत कुरडया, पापड, शेंगदाण्याची चटणी, आणि मायची बाटली खांद्यावरच्या पर्समध्ये, अंगाशी. विमानतळावर तपासणीच्या रांगेत पर्स यंत्रातून गेली आणि अडली. गणवेशातली पोरगी, प्रज्ञापेक्षाही लहान, बाटली वर धरून म्हणाली, "ये क्या है?"

"दवा है."

"किसकी दवा? पर्ची है?"

पर्ची! आयुष्यभर मी लोकांना पर्च्या वाचून दाखवल्या. तिनं चिंधी सोडली, बूच उघडलं, वास घेतला आणि मान मागं ओढली. "इतना लिक्विड अंदर नहीं जा सकता, आंटी. आप वापस जाके बड़े बॅग में डलवा सकते हो. टाइम है आपके पास." चांगली होती पोरगी. खरंच वेळ होता. दीड तास होता. मला फक्त मागं वळायचं होतं.

पण मागं रांग होती. कोट घातलेली, चाकांच्या पेट्या ओढणारी माणसं. एकानं जीभ टाळूला लावून "च्" केलं. एक बाई माझ्या हातातल्या चिंधीकडं बघत होती. खोकल्याच्या औषधाची मळकी बाटली, काळा दोरा, आणि तो वास. मला काय झालं कोणास ठाऊक. मी हसले. हसून म्हटलं, "कुछ नहीं, गाँव का है. रहने दो. फेंक दो."

तिनं टाकली. डब्यात आधीच पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यांच्यावर ती आपटली. मी बूट घातले आणि पुढं गेले.

कोणी मला काठी दाखवली नव्हती. कोणी "पीळ" म्हटलं नव्हतं. मी आपणहून पिळलं. विमानात बसल्यावर हे लक्षात आलं, आणि मग मी आठ तास त्या खिडकीबाहेरच्या पांढऱ्या ढगांकडं असं बघितलं की जणू त्यांनीच माझं काही खाल्लंय. शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, "आर यू ओके, मॅडम?"

परवा परत आले. काल संध्याकाळी मेहकरहून गावात आले. मायनं चुलीवर चहा ठेवला. तिच्याकडं गॅस आहे, पण चहा ती चुलीवरच करते. वाकलेली पाठ, फुंकणी, धूर. मी यशोचे फोटो दाखवले, बर्फ दाखवला. ती म्हणाली, "बापा बापा! ह्या पांढऱ्यात पोट्टे खेळतेत?" मग म्हणाली, "आंब सरली असंन."

मी ठरवून आले होते की सांगायचं नाही. आणि तोंडातून निघालं, "माय, मी खोटं बोलली. आंब पोरीपर्यंत गेलीच नाई. थ्या इमानाच्या जागी अडवली मले. परत जाऊन पेटीत टाकता येत होती. म्याच म्हटलं, फेकून द्या."

मायनं फुंकणी खाली ठेवली. मी म्हटलं, आता रडेल, किंवा ओरडेल. ओरडावं, असं मला फार वाटत होतं. तिनं चुलीतलं एक लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "मांगं लोकं उभे होते?"

"हाव. लय होते."

"मंग होते तसं," ती म्हणाली आणि चहा गाळायला घेतला.

मला तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटलं. एवढ्या वर्षांत त्या सकाळीबद्दल ती पहिल्यांदा बोलली होती, आणि तीन शब्द बोलून थांबली. मी म्हटलं, "तुले राग नाई येत का व?"

"येते ना. येऊन काय करते? निंदा लागे."

मग मी ते विचारलं जे महिनाभर विचारायचं राहिलं होतं. "डिसेंबरात गेलीस तवा त्याच्या नातवाले इचारलं असंन ना तू? हात जोडले असतीन?"

माय माझ्याकडं अगदी तशीच बघत राहिली जशी हेल्मी बघत राहिली होती. तिला प्रश्नच कळला नाही. "कोनाले इचारू? दव होय थे. त्यात काय इचाराचं?" आणि बशी माझ्याकडं सरकवत म्हणाली, "सकायी जाऊ. बाटली धुऊन ठेव."

म्हणून आम्ही इथं आहोत.

धोतर आता चांगलं जड झालंय. माय उठायचं म्हणतेय तेवढ्यात वाटेनं मोटरसायकल आली. मालकाचा नातू. तिशी-पस्तिशीचा, कानटोपी, पाठीवर फवारणीचा पंप. मी ताठ झाले. माझ्या पोटात आठ वर्षांची पोर उभी राहिली. त्यानं गाडी थांबवली, एक पाय धुऱ्यावर टेकवला आणि दात दाखवून हसला.

"काय आजी, आज पुन्हा? उलशी माह्यासाठीबी ठेवजा. रोहिणखेडच्या लग्नात लय हाणलं, पोट धरून राह्यलो कालपासून."

बघा! याला आमच्या फडक्यातली आंब हवी आहे. आणि तो इतक्या सहज मागतोय की चीड यावी तर कोणाची यावी! माय म्हणाली, "बाटली आनजो," आणि तेवढ्यात माझं तोंड सुटलं.

"तुह्या आजानं ह्याच जागी माह्या मायच्या हातानं आंब मातीत पिळाले लावली होती. आमचं फडकं पिकाले लागलं म्हनून. मी आठ वर्साची होती. माहंच पोट दुखत होतं. माईत हाय का तुले?"

त्याचं हसू थांबलं. त्यानं मायकडं बघितलं, मग धोतराकडं, मग गाडीच्या हँडलकडं. "मले नाई माईत, ताई. आजा तं मी चौथीत होतो तवाच वारला." आणि मग, जरा घुश्श्यातच, "मंग मी काय करू आता?"

"काई नको करू. आयकून घे फक्त."

त्यानं ऐकून घेतलं. मी सगळं सांगितलं, काठीचं टोक, बाया, विळे, ओला गोल. सांगताना माझा आवाज चिरकला आणि मी तो चिरकू दिला. तो "माफ करा" वगैरे काही म्हणाला नाही. मान खाली घालून गाडीच्या टाकीवरचं दव अंगठ्यानं पुसत राहिला. मी थांबले तसा म्हणाला, "येतो, आजी," आणि गेला. गाडीचा आवाज नाल्यापलीकडं गेला, तशी माय दगडावरून उठली. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की बरं वाटेल. नाही वाटलं. अजून तेवढंच बोलायचं शिल्लक होतं.

"झालं तुहं?" माय म्हणाली. "ऊन येऊन राह्यलं. वाळून जाईन ना थे."

आम्ही दोघींनी धोतर उचललं, झाडं मोडू न देता, चारी टोकं सावरून. ते गार होतं, हाताला चरचरत होतं. वास असा आला की तोंडाला पाणी सुटलं. माय दगडावर टेकली, बाटली दोन्ही हातांत धरली, तोंड माझ्याकडं केलं. तिच्या बोटांत आता पिळायचं बळ नाही.

"पीळ," ती म्हणाली.

मी पिळलं. धार वाकडी गेली, तिच्या मनगटावरून ओघळली. तिनं बाटली सरकवून बरोबर धारेखाली आणली. मी कोपरं दुखेपर्यंत पिळलं, धोतराचा दोरखंड झाला, थेंब थांबले. मी दम खायला हात सैल सोडले.

माय बाटलीवरून नजर न काढता म्हणाली, "अजून पीळ. अजून हाय त्यात."